भिंतीवरचा फोटो आणि त्याखालचं साल

पत्राचा सारांश: एका वाचक ताईंच्या सासरी कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे. मजकूर टाइप करणं आणि फोटो स्कॅन करणं हे काम त्यांच्याकडे आलं आहे. घराण्यातले सर्वांत वडीलधारे म्हणजे त्यांचे चुलत सासरे. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांनी भिंतीवरचा एक जुना फोटो छापायला दिला आहे. फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, तपकिरी पडलेला. मध्ये खुर्चीवर पगडी घातलेले, मिशा पांढऱ्या झालेले गृहस्थ हातात तलवार घेऊन बसले आहेत, दोन्ही बाजूंना दोन तरुण उभे आहेत. खाली लिहिलं आहे, ‘झाशी, सन १८५७’. अण्णांच्या मते हे खापरपणजोबा, राणी लक्ष्मीबाईंच्या पदरी असलेले. वंशावळीत त्यांचा जन्म १८३५ चा आणि मृत्यू १९०४ चा दिला आहे. ताईंना हा फोटो बनावट वाटतो. खालची अक्षरं बॉलपेनची आहेत, मागे रंगवलेला पडदा आणि विलायती खांब आहेत, घराण्यात लाल पगडी असताना फोटोत ती काळीकुट्ट दिसते, आणि डावीकडचा तरुण ‘कापून चिकटवल्यासारखा’ वाटतो. त्याच पानावर अण्णांना व्हॉट्सॲपवर आलेला ‘राणीचा एकमेव खरा फोटो’ही छापून हवा आहे. शिवाय एका पुतण्याने भिंतीवरचा फोटो एआय ॲपमधून स्वच्छ करून पाठवला आहे, आणि तो सगळ्यांना फार आवडला आहे. ताई विचारतात: ‘सून म्हणून मी हे बोलू का? बोलले तर अण्णांना खोटं पाडल्यासारखं होईल. गप्प बसले तर पुस्तकावर माझंही नाव असणार.’

प्रिय ताई,

सुरुवात काळ्या पगडीपासून करते. तुम्ही ती फोटोच्या विरोधात मांडली आहे, पण तिची साक्ष फोटोच्या बाजूने आहे. एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या निगेटिव्ह लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. निळा उजेड त्यांच्यावर उमटायचा, लाल-केशरी उमटायचा नाही. त्यामुळे लाल पगडी, कुंकू, केशरी उपरणं हे सगळं फोटोत काळं उतरायचं आणि निळं आकाश कोरं पांढरं. लालसकट सगळे रंग टिपणाऱ्या काचा १९०६ च्या सुमारास विक्रीला आल्या, आणि गावोगावच्या स्टुडिओंत त्या रुळायला आणखी बराच काळ गेला. तेव्हा लाल पगडीची घरातली आठवण पक्की असेल, तर ती काळी दिसणं हे जुनेपणाचंच लक्षण आहे. तीच पगडी फिकट करडी दिसली असती तर मला शंका आली असती.

पडदा आणि खांब यांचंही तसंच. त्या काळच्या स्टुडिओत असे पडदे सर्रास असत. त्यांच्यावरून फोटो बनावट ठरत नाही. तो रणधुमाळीत, झाशीच्या किल्ल्यावर काढलेला नाही, एवढंच ठरतं. आणि ‘१८५७ मध्ये आपल्याकडे फोटो होतेच कुठे?’ असं कुणी म्हणालं तर तेही बरोबर नाही. १८३९ मध्ये पॅरिसला या तंत्राची घोषणा झाली आणि वर्षभरात कॅमेरे कलकत्त्याला पोचले. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे तिथले नावाजलेले फोटोग्राफर होते.

आता तुम्ही ज्यावर भर दिला नाही त्या गोष्टीकडे वळू. जन्म १८३५ चा, म्हणजे १८५७ मध्ये खापरपणजोबा बावीस वर्षांचे. फोटोतल्या गृहस्थांच्या मिशा पांढऱ्या. हे गृहस्थ तेच असतील तर फोटो १८९० च्या आगेमागे काढलेला असणार. म्हणजे माणूस बरोबर असू शकतो आणि साल चुकीचं. बॉलपेन १९४० च्या दशकाआधी बाजारातच नव्हतं, म्हणजे खालची ओळ लिहिणाऱ्याने फोटो काढताना पाहिलेलं नाही. पण म्हणून त्याने लबाडी केली असं मला वाटत नाही. मला वाटतं, घरातल्या कुणीतरी, आपल्यानंतर हे कोण म्हणून कुणाला कळणार नाही या काळजीने, ‘झाशीचे, सत्तावनचे’ अशी खूण करून ठेवली. ती ओळ फोटो कधी काढला हे सांगत नसेल, तो माणूस कोण हे सांगत असेल. पुढच्या पिढीने ती तारीख म्हणून वाचली.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं: ‘खरा की बनावट’ हा प्रश्न बाजूला ठेवा. तो एक प्रश्न नाही, त्यात तीन प्रश्न गुंतले आहेत. हातातला कागद किती जुना आहे? चित्रात कुणी जोडतोड केली आहे का? आणि त्याला चिकटलेलं नाव, गाव, साल बरोबर आहे का? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. जुन्या फोटोंच्या बाबतीत बहुतेक घोटाळा तिसऱ्या जागी असतो. चित्र अस्सल असतं आणि नाव भलत्याचं. आपल्याकडचं मोठं उदाहरण फोटोचं नाही, चित्राचं आहे. इब्राहिम खान नावाच्या सरदाराचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून वर्षानुवर्षं छापलं जात होतं. वा. सी. बेंद्रे यांनी ते दाखवून दिलं आणि महाराजांचं खरं चित्र पुढे आणलं. त्या चित्रात कुणी काही बदललेलं नव्हतं, फक्त नाव चुकलं होतं.

एखादी दुपार मोकळी ठेवा आणि फोटो उजेडात घेऊन बसा. फ्रेमच्या मागचे बारीक खिळे हलक्या हाताने काढा, पण पुठ्ठ्यावरून फोटो सोडवायचा प्रयत्न कुठल्याही कारणाने करू नका. आधी पुठ्ठा मोजा. तो साधारण सव्वाचार इंच रुंद आणि साडेसहा इंच उंच भरला, तर हा ‘कॅबिनेट’ मापाचा फोटो आहे. हे माप १८६६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये आलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चाललं. जाड, गडद रंगाचा, सोनेरी कडेचा पुठ्ठा असेल तर तो बहुधा १८८० नंतरचा. मग मागची बाजू पाहा. स्टुडिओचं नाव, गाव, शिक्का, पदकांची चित्रं, काहीही असेल ते स्कॅन करा. शिक्क्यात टेलिफोन नंबर असेल तर काळ पुढे सरकला. सहा आकडी पिनकोड असेल तर १९७२ नंतरची गोष्ट झाली. पेन्सिलीने मोडीत काही खरडलेलं असेल तर ते पुसू नका, डाग समजून तर अजिबात नाही. तिथे ‘शके’ लागलेला आकडा मिळाला तर त्यात ७८ मिळवा.

मग भिंग. सोनार वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं घ्या, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर विसंबू नका. चेहऱ्यावर भिंग धरल्यावर रांगेत मांडलेले बारीक ठिपके दिसले, तर तो फोटो नाही. पुस्तकातून किंवा मासिकातून कापलेला छापील कागद आहे. ठिपके नसतील आणि पातळ कागदाचे तंतू चित्रातून दिसत असतील, पांढरे भाग पिवळसर पडले असतील, तर तो अंड्यातल्या पांढऱ्या भागाचा लेप दिलेला, अल्ब्युमेन कागद असण्याची शक्यता आहे. १८५० पासून त्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक फोटो याच कागदावर निघत. कागद तिरका धरल्यावर काळ्या भागांच्या कडांना निळसर चंदेरी तकाकी आली, तर बहुधा जिलेटिनचा कागद, म्हणजे साधारण १८८० च्या दशकापासून पुढचा.

आणखी एक सोपी तपासणी आहे. नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची बत्ती कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे असते. ती अंधाऱ्या खोलीत फोटोवर धरा. १९५० च्या दशकापासून फोटोच्या कागदात पांढरेपणा खुलवणारी रसायनं घालू लागले, आणि ती या उजेडात निळसर चमकतात. लुईस हाइन हे अमेरिकेतल्या बालमजुरांचे फोटो काढणारे मोठे छायाचित्रकार १९४० मध्ये वारले. त्यांनी स्वतः काढलेल्या प्रती म्हणून महागात विकलेले काही फोटो नंतर असेच चमकले, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीला ते प्रकरण गाजलं. पण यातही घाई नको. फोटो चमकला तर एवढंच कळतं की हा कागद नवा आहे. जुना फोटो विरत चालला म्हणून साठ-सत्तर सालात कुणी स्टुडिओतून त्याची कॉपी करून घेतली असेल. मग कागद नवा आणि चित्र जुनं. आपल्याकडच्या भिंतींवरचे किती तरी पूर्वज असे कॉपीतूनच आपल्यापर्यंत आले आहेत. आणि चमकला नाही, तर जुनेपणा सिद्ध झाला असंही नाही.

डावीकडच्या तरुणाबद्दलची तुमची शंका मात्र मला दमदार वाटते. तिघांच्या नाकांच्या सावल्या पाहा. दोघांच्या सावल्या उजवीकडे आणि त्याची डावीकडे पडत असेल, तर तो त्या खोलीत नव्हता. त्याच्या पायांखाली सावली आहे का, की तो सतरंजीवर तरंगतो आहे? डोकं बाकीच्यांच्या मानाने मोठं-लहान आहे का? अंगरख्याच्या कडेला कात्रीची रेघ किंवा ब्रशने भरलेली करडी पट्टी दिसते का? नुसता ताठपणा पुरावा होत नाही. तेव्हा काही सेकंद हललं तरी चेहरा पुसला जायचा, म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावून माणसं उभी करत. खुर्चीच्या किंवा बुटांच्या मागे त्या आधाराचा पाय कधी कधी दिसतो. तो दिसला तर आनंदच माना.

आणि तो खरोखरच जोडलेला निघाला, तरी त्याला लगेच बनावट म्हणू नका. वारलेल्या मुलाला किंवा परगावी असलेल्या भावाला कुटुंबाच्या फोटोत आणून बसवणं हे स्टुडिओवाल्यांचं नेहमीचं काम होतं. नवरा-बायकोचा एकत्र फोटोच नसेल तर दोन वेगळ्या फोटोंतून एक करून देत. मुंबईत विल्यम जॉन्सन या फोटोग्राफरने १८६० च्या दशकात शहरातल्या जातीजमातींचे फोटो दोन खंडांत प्रसिद्ध केले. त्यातली माणसं स्टुडिओत उभी केलेली आणि मागची मुंबई वेगळ्या काचेवरची, दोन्ही जोडून एक चित्र. आज ते दोन्ही खंड संशोधकांच्या कामाचे आहेत, कारण ते कसे केले हे माहीत आहे. तुमच्या घरातला तो तरुण जोडलेला असेल, तर तो कोण आणि कुणाला तो तिथे हवा होता, ही कुलवृत्तांतात जायलाच हवी अशी गोष्ट आहे.

याच्या उलटही असतं, आणि सत्तावनचा विषय निघाला आहे म्हणून ते सांगायलाच हवं. लखनौच्या सिकंदर बागेचा, फेलिचे बियातो या फोटोग्राफरने काढलेला फोटो तुम्ही पाहिला असेल. पडक्या वाड्यापुढे हाडं आणि कवट्या विखुरलेल्या आहेत. काच अस्सल, जागा अस्सल, कुठेही कात्री नाही. पण लढाई नोव्हेंबर १८५७ मधली आणि बियातो लखनौला पोचला १८५८ च्या वसंतात. ती हाडं चित्रासाठी तिथे आणून मांडली गेली, असं त्या काळापासून सांगितलं जातं आणि अभ्यासकही तसंच मानतात. मेलेले लोक खरे होते, मांडणी खरी नव्हती. तिथे भिंगाचा उपयोग नाही. फोटोग्राफर तिथे कधी पोचला, हे विचारावं लागतं.

आता राणीचा फोटो. इथे माझं मत स्पष्ट आहे: तो छापू नका. या फोटोबरोबर सहसा अशी ओळ फिरते की कलकत्त्याच्या जॉन्स्टन आणि हॉफमन या फोटोग्राफरांनी तो १८५० मध्ये काढला. ती पेढी कलकत्त्यात सुरू झाली १८८० च्या दशकात. राणी जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरला पडल्या. दोन तारखा शेजारी ठेवल्या की दावा तिथेच संपतो, चेहरा न्याहाळायचीही गरज उरत नाही. राणीचा म्हणून खात्रीने सांगता येईल असा एकही फोटो पुढे आलेला नाही. अण्णांना हे ऐकून वाईट वाटेल, तेव्हा त्यांच्यासमोर दुसरं काही ठेवा. जॉन लँग हा वकील १८५४ मध्ये राणींना भेटला होता. पडदा क्षणभर सरकला तेव्हा जे दिसलं ते त्याने लिहून ठेवलं: साधं पांढरं मलमलीचं वस्त्र, आणि अंगावर कानांतल्या सोन्याच्या दागिन्यांखेरीज काही नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे तर त्या धामधुमीत झाशीतच होते, आणि राणी कधी पुरुषी वेशात तर कधी स्त्रीवेशात दरबारात येत, हे त्यांनी मराठीत लिहिलं आहे. पाहिलेल्या माणसांची ही चार वाक्यं त्या पानावर छापा. कुणा अनोळखी बाईच्या फोटोपेक्षा राणी त्यांतच जास्त भेटतात.

व्हॉट्सॲपवरच्या इतर फोटोंनाही हाच नियम लावा. गूगल लेन्सवर टाकून तो सर्वांत आधी कुठे, कुठल्या नावाने आला ते शोधा, आणि मग ओळीतली प्रत्येक गोष्ट, म्हणजे फोटोग्राफर, गाव, साल, वेगवेगळी तपासा.

पुतण्याने पाठवलेल्या प्रतीबद्दलही थोडं कठोर बोलावं लागेल. ॲप धूळ पुसत नाही, ते चेहरा नव्याने रंगवतं. मूळ कागदावर डोळ्याच्या जागी दोन करडे ठिपके असतील, तर ॲप तिथे पापण्या, बुबुळं, डोळ्यांतली चमक स्वतःच्या मनाने भरतं. ती तुमच्या खापरपणजोबांची नसते. दोन्ही चित्रं संगणकावर शेजारी मोठी करून पाहा. तलवारीची मूठ, अंगरख्याचे बंद, पगडीच्या घड्या, बोटं यांवर लक्ष द्या. घड्या मधेच विरघळतात, बंद कातडीत शिरतात, स्टुडिओच्या नावाची अक्षरं कुठल्याच लिपीत बसत नाहीत. हल्ली मुळातून एआयने केलेले ‘जुने’ फोटोही फिरतात. त्यांत ओरखडे सगळीकडे सारखे पसरलेले असतात, पण खरा फोटो हाताळला जातो तिथे, कोपऱ्यांना आणि कडांना, जास्त झिजतो. आणि त्यांतली पगडी धड पुणेरी नसते, धड शिंदेशाही नसते. पुतण्याची हौस मोडू नका. मूळ फोटो ६०० किंवा १२०० डीपीआयवर, पुढून-मागून, टिफ फाइलमध्ये स्कॅन करायचं काम त्यालाच द्या. पुस्तकात मात्र तीच मूळ प्रत जाऊ द्या, डागांसकट.

आता अण्णा. तुम्ही दोनच वाटा मांडल्या आहेत, त्यांना खोटं पाडायचं किंवा गप्प बसायचं. दोन्ही वाटांवर तुम्ही असं गृहीत धरलं आहे की त्यांचा मान त्या सालावर टांगलेला आहे. मला तसं वाटत नाही. त्यांच्याजवळ जे आहे ते कागदावरच्या तारखेहून जास्त मोलाचं आहे: हे त्यांनी कुणाकडून ऐकलं, कधी, कुठल्या शब्दांत. कुलवृत्तांताच्या बैठकीत, दहा जणांसमोर हा विषय काढू नका. दुपारच्या चहानंतर, यजमानांना बरोबर घेऊन त्यांच्याकडे बसा. ‘अण्णा, हा फोटो पानभर मोठा छापायचा आहे, याची सगळी हकीकत तुमच्याकडून हवी,’ असं सांगा आणि फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा, त्यांना विचारूनच. फोटो कुठल्या घरातून आला? खालची ओळ कुणाच्या हातची? बाजूचे दोघे कोण? मग जन्मसालाचा हिशेब त्यांच्यासमोर मांडा, निष्कर्ष म्हणून नको, अडचण म्हणून: ‘बावीस वर्षांचे होते, मग मिशा पांढऱ्या कशा?’ उत्तर त्यांनाच काढू द्या. ते म्हणतील, मग हा नंतरचा असेल. किंवा म्हणतील, हे त्यांचे थोरले बंधू असतील. बंधूंचा किंवा मुलाचा दुसरा फोटो घरात असेल तर कानांची ठेवण ताडून पाहा. दाढी-मिशीने चेहरा बदलतो, कानाच्या वळ्या फारशा बदलत नाहीत.

ते रागावले तर? तेही होऊ शकतं, आणि ते तुम्ही एकट्या सुनेने अंगावर घेऊ नये. यजमान आणि संपादक मंडळातलं आणखी एक माणूस सोबत असावं. पण गप्प बसण्याचाही विचार करून पाहा. कुलवृत्तांत घरापुरता राहत नाही. पन्नास वर्षांनी कुणी सत्तावनवर लिहिणारा तोच फोटो ‘झाशी, १८५७’ म्हणून उचलेल, आणि तेव्हा खुलासा करायला अण्णाही नसतील आणि तुम्हीही.

फोटोखाली काय छापायचं, त्याचा माझा मसुदा असा: ‘कुटुंबाच्या संग्रहातील फोटो. स्टुडिओत काढलेला, बहुधा १८८५ ते १९०० या काळातील. मध्यभागी खापरपणजोबा असावेत, असे घराण्यात सांगितले जाते. फोटोखाली नंतरच्या काळात लिहिलेली “झाशी, सन १८५७” ही नोंद ते राणी लक्ष्मीबाईंच्या पदरी असल्याच्या परंपरेला धरून असावी.’ त्याखाली अण्णांनी सांगितलेली हकीकत, त्यांच्या नावाने आणि त्यांच्याच शब्दांत द्या. पुठ्ठ्याच्या मापाने किंवा भिंगाने काही वेगळं सांगितलं तर काळ बदला.

राहिला प्रश्न ते खरोखर झाशीला होते का, याचा. फोटो त्याचं उत्तर देणार नाही, कितीही तपासला तरी. त्यासाठी कागद शोधावे लागतील. घरात इनामाची किंवा जुन्या पत्रांची बासनं आहेत का, ते पाहा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी इथल्या तुमच्या घराण्याच्या क्षेत्रोपाध्यायांकडे वह्या असतील. आलेल्या यजमानाने स्वतःच्या हाताने गाव, वडील, आजोबा लिहिलेली पानं त्यांत सापडतात. मोडी वाचणारे जाणकार पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात भेटतील. फोटोची स्थिती नाजूक असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात जुन्या वस्तूंच्या जतनाचं केंद्र आहे, तिथे विचारा. कुलवृत्तांत छापखान्यात जायला वेळ कमी असेल, तर आधी पुठ्ठ्याची मागची बाजू आणि अण्णांचं रेकॉर्डिंग एवढी दोन कामं उरका. बाकीचं पुढच्या आवृत्तीत घालता येईल.